कॅन्सरच्या पेशीच अँटीबॉडी बनवतात, मग सासूबाईंचं इंजेक्शन थांबवायचं का?

प्रश्न: डॉक्टर, सासूबाईंना ब्रेस्ट कॅन्सर आहे, हर-टू पॉझिटिव्ह. ऑपरेशन झालं, आता दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅब चालू आहे. परवा नणंदेने फॅमिली ग्रुपवर टाकलं की कॅन्सरच्या पेशी स्वतः अँटीबॉडी बनवतात आणि त्यावर गाठ वाढते. हे इंजेक्शन पण अँटीबॉडीच ना? सासूबाई पुढचा डोस नको म्हणून अडून बसल्यात. काय करू?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: ताई, सगळ्यात आधी, डोस चुकवू देऊ नका. नणंदबाईंनी टाकलंय ते खोटं नाहीये, पण त्याचा ह्या इंजेक्शनशी जोडलेला संबंध चुकीचा आहे.

अँटीबॉडी फक्त रोगप्रतिकारशक्तीतल्या बी पेशी आणि त्यांच्यापासून झालेल्या प्लाझ्मा पेशी बनवतात असं आपण सगळेच शिकलो. त्यामुळे गाठीत आयजीजी (अँटीबॉडीचाच एक प्रकार) सापडलं की लोक म्हणायचे, रक्तातून झिरपलं असणार. पण २००३ मध्ये पेकिंग युनिव्हर्सिटीच्या शियाओयान चिऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ब्रेस्ट, आतडं, लिव्हर आणि फुप्फुसाच्या कॅन्सर पेशी ते स्वतः बनवतात, म्हणजे नुसतं प्रोटीन नाही तर ते बनवायचा जीनचा निरोपही त्याच पेशींत मिळाला, आणि बाहेरून झिरपलेल्या प्रोटीनबरोबर हा निरोप काही येत नाही ना! पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते आयजीजी अडवलं तर प्रयोगशाळेतल्या कॅन्सर पेशींची वाढ मंदावली, जास्त पेशी मरायला लागल्या, आणि उंदरांमधल्या गाठीही कमी वाढल्या. म्हणजे पेशीला त्याचा फायदा होत होता.

कसा, तर नंतरच्या कामातून असं दिसलंय की ह्या आयजीजीच्या एका प्रकारावर नेहमीपेक्षा वेगळ्या जागी सियालिक अ‍ॅसिड नावाची साखर असते, आणि ते पेशीवरच्या इंटेग्रिन नावाच्या प्रोटीनला चिकटून आत 'वाढ, सरक' असे सिग्नल चालू करतं. म्हणजे नाव अँटीबॉडी, पण काम भलतंच.

सासूबाईंच्या औषधाचं तसं नाही. ट्रास्टुझुमॅब मुद्दाम हर-टू ह्या एकाच रिसेप्टरसाठी (कॅन्सर पेशीवरच्या, वाढीचा सिग्नल देणाऱ्या प्रोटीनसाठी) बनवलंय, त्याला चिकटून वाढीचा सिग्नल तोडतं आणि शिवाय शरीरातल्या एनके पेशींना (रोगट पेशी मारणाऱ्या पेशींना) 'हिला मारा' अशी खूण करून देतं. अमेरिकेत त्याला १९९८ ला मान्यता मिळाली, तेव्हापासून जगभर वापरात आहे. दोन्ही अँटीबॉडीच असल्या तरी त्या कशाला चिकटतात त्यावर सगळं ठरतं.

अजून एक, कुणी 'रक्तातलं आयजीजी तपासून घ्या' म्हणालं तर पैसे घालवू नका. रक्तातलं जवळजवळ सगळं आयजीजी प्लाझ्मा पेशींकडून येतं, साध्या इन्फेक्शननेही वाढू शकतं, त्यावरून ब्रेस्ट कॅन्सरबद्दल काही कळत नाही. (मायलोमा हा प्लाझ्मा पेशींचाच कॅन्सर, तिथे ह्या तपासणीला अर्थ आहे, तो विषय वेगळा.)

सासूबाईंची भीती खरी आहे, 'काहीतरीच काय' म्हणून उडवून लावू नका. त्यांना ऑन्कॉलॉजिस्टकडे सोबत घेऊन जा, तो मेसेजही दाखवा. आणि ह्या औषधाचा खरा जपायचा मुद्दा हार्टचा आहे, म्हणून साधारण दर तीन महिन्यांनी टू-डी इको करतात, तो राहिला असेल तर त्याची तारीख त्याच दिवशी घेऊन टाका.