कसम परेडनंतरचे रितेपण

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील असून दहावीनंतर चार वर्षांसाठी सैन्यात अग्निवीर म्हणून भरती झालो. नुकतीच बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये माझी कसम परेड, म्हणजे प्रशिक्षणाअखेरचे शपथेचे संचलन, झाली. आईवडिलांना गौरव पदक मिळाले. आई ते पदक पदरात गुंडाळून धरत होती. सगळे आनंदात असताना मला मात्र मन रिते झाल्यासारखे वाटले. चार वर्षांनी पुढे काय? माझा निर्णय चुकला का?

उत्तर : सर्वप्रथम मनापासून अभिनंदन. तुमचा निर्णय चुकलेला नाही, आणि हे मी केवळ धीर देण्यासाठी लिहीत नाही. सुमारे ३१ आठवडे पहाटेच्या शिट्टीपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत तुमचा प्रत्येक तास उस्तादांनी, म्हणजे प्रशिक्षकांनी, आखून दिलेला होता, आणि पीटी, ड्रिल, फायरिंग या साऱ्याची नजर त्या एका सकाळकडे लागलेली होती. ती सकाळ सरली की अंगातला ताण एकदम उतरतो आणि उद्या काय करायचे हे सांगणारे कोणी उरलेले नसते. अनेक प्रशिक्षणार्थींना हे जाणवते. ते बोलून दाखवणारे थोडे. शिवाय तिरंग्यासमोर, धर्मगुरूंच्या साक्षीने प्राणांचीही पर्वा न करण्याची शपथ एकोणिसाव्या वर्षी घेतल्यावर मन गंभीर होणे स्वाभाविकच आहे. त्या गर्दीतही आईचा पदर तुमच्या नजरेने टिपला, म्हणजे मन तितके रिते नव्हते, असे मला वाटते.

चार वर्षांची काळजी मात्र खरी आहे, आणि तिचा विचार आजच करायला हवा, कारण प्रशिक्षणाचा काळही त्याच चार वर्षांत धरला जातो. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या तरतुदींनुसार प्रत्येक तुकडीतील कमाल २५ टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेतले जाते. निवड न झाल्यास सुमारे ११.७१ लाख रुपयांचा एकरकमी सेवा निधी मिळतो, निवृत्तिवेतन मिळत नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत मात्र माजी अग्निवीरांसाठी राखीव जागांची तरतूद आहे. नियमित सेवेसाठी प्रयत्न जरूर करा, पण सारी भिस्त त्यावर ठेवू नका.

माझा आग्रह शिक्षणाचा आहे. दहावी उत्तीर्ण अग्निवीरांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीचे प्रमाणपत्र मिळवण्याची सोय आहे, आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या अग्निवीरांसाठीच्या पदवी अभ्यासक्रमात सेवेतील कौशल्य प्रशिक्षणाचे निम्मे श्रेयांक धरले जातात. पदवी हाती असलेला तेविशीतला माजी अग्निवीर आणि केवळ दहावीचा दाखला असलेला माजी अग्निवीर, या दोघांसमोरच्या वाटा फार वेगळ्या असतात. म्हणून सुट्टी संपवून युनिटमध्ये हजर होताना दहावीच्या गुणपत्रिकेच्या साक्षांकित प्रती बरोबर न्या आणि तेथील शिक्षणाचे काम पाहणाऱ्या साहेबांना पहिल्याच महिन्यात भेटून नोंदणीबद्दल विचारा.