ताप हृदयाचा, मग तपासणी आतड्याची का?

प्रश्न: बाबा ६४ वर्षांचे, तीन आठवडे ताप हटेना, ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू शोधायची टेस्ट) स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस नावाचा जंतू आला, हृदयाच्या झडपेला इन्फेक्शन निघालं. आता डॉक्टर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करा म्हणतायत, पोटाचा तर काहीच त्रास नाहीये! करायची का?

उत्तर: हो, नक्की करा, प्लीज टाळू नका. हा जंतू आतड्यात राहतो आणि तिथे पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची छोटी वाढ) किंवा कॅन्सरची गाठ असेल तर तिथूनच रक्तात शिरून झडपेवर जाऊन बसू शकतो, १९५१ पासून डॉक्टरांनी हे नोंदवलंय. (रिपोर्टवर गॅलोलिटिकस लिहिलं असेल तर तो याच गटातला, त्याचाच कॅन्सरशी जास्त संबंध.) सुरुवातीचा कॅन्सर बरेचदा दुखतच नाही हो. पॉलिप सापडला तर बहुतेकदा तेव्हाच काढतात. आणि सलाइनमधली अँटिबायोटिक्स साधारण ४ ते ६ आठवडे चालतात, ताप उतरला तरी मध्येच सोडू नका.