कोकणात समुद्रावर एक अख्खा दिवस काहीच न करता घालवला तर बोअर होईल का?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. पाच मित्र, सिंधुदुर्गात तीन दिवस, चौघांना त्यातला एक दिवस नुसतं किनाऱ्यावर लोळायचंय आणि पाचवा म्हणतोय की एवढ्या लांब येऊन लोळायचं तर घरी काय वाईट आहे, त्यापेक्षा किल्ला, स्कूबा, देवबाग, निवती सगळं उरकून टाकू. हा पाचवा प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, आमच्यातला तर एक्सेल शीट घेऊन येतो.

तर उत्तर असं की हो, बोअर होईल. सकाळी अकराच्या आसपास होईल, सगळ्यांना एकदमच होईल, आणि त्या वेळी कोणी गाडीची चावी हातात घेतली नाही तर तासाभरात ते आपोआप जातं. त्याच्यापुढे खरी सुट्टी सुरू होते असं माझं मत आहे.

माझं आजोळ वेंगुर्ल्याच्या बाजूला, लहानपणीचे सगळे मे महिने तिथेच गेले आणि आता पुण्याच्या मित्रांना घेऊन थंडीत जातो, त्यावरून सांगतोय. पहिली गोष्ट म्हणजे जागा. तारकर्ली छान आहे, स्कूबासाठी एक दिवस तिकडे जाच, पण लोळायला नको, कारण दर दहा मिनिटांनी कोणीतरी पॅरासेलिंग करणार का विचारायला येतं आणि तुमचा पाचवा लगेच उठून बसेल. लोळायला भोगवे, खवणे, वेंगुर्ल्याचा सागरेश्वर नाहीतर शिरोड्याचं वेळागर, आणि तेही शनिवार-रविवार टाळून. राहायचं घर मात्र किनाऱ्यापासून चालत जाण्याइतकं जवळ हवं. मध्ये गाडी आली की पार्किंग आलं, पाण्याची बाटली राहिली म्हणून परत जाणं आलं, आणि परत गेलेला माणूस येताना काहीतरी प्लॅन घेऊनच येतो. (गाडी वाळूत तर अजिबात घालू नका, रुतते आणि मग अख्ख्या गावाची करमणूक होते.)

आता वेळ. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्य मागच्या डोंगरातून आणि झाडांतून वर येतो, त्यामुळे सकाळी बराच वेळ सुरूच्या आणि माडांच्या सावल्या थेट वाळूवर पडलेल्या असतात. फोटो काढणारे सगळे संध्याकाळी येतात पण लोळायची खरी वेळ ही सकाळची आहे, साडेसहा ते नऊ-साडेनऊ. चहा घेऊन या आणि पडा. नशीब असेल तर रापण लागलेली दिसेल. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर असतात आणि दोन्हीकडून माणसं हळूहळू ओढत आणतात, फार वेळ चालतं ते. तुम्हीही दोरीला हात लावा, कोणी नाही म्हणत नाही, उलट शेवटी मूठभर पेडवे किंवा तारल्या पिशवीत पडतात. आमच्या एक्सेलवाल्याला एकदा दोरीला लावलं तर तास-दीड तास त्याने फोन काढला नाही, त्यामुळे तुमच्या पाचव्यासाठी हा उपाय लिहून ठेवा.

दहानंतर वाळूवर थांबू नका. सावली गेलेली असते, वाळू तापते, अनवाणी पाय ठेवलात तर कळेलच. घरी जायचं, विहिरीचं पाणी अंगावर घ्यायचं, घावणे नाहीतर आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ खायची आणि पडवीत बसायचं. हीच ती बोअर व्हायची वेळ. रेंज नसते, पत्ते कोणीतरी विसरलेलं असतं, घरमालकीण काकू येऊन विचारतात, "काय रे झिलांनो, आज खंय जावचा नाय?" "नाय काकू, आज हयच," म्हणायचं आणि नारळ खवायला, नाहीतर कोकमं भिजत घालायला मदत करायची. सोलकढी आपल्यासमोर होताना बघितली की पुण्यातल्या हॉटेलातली ती गुलाबी सोलकढी परत तोंडात घालवत नाही.

जेवणाचं आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, ऐनवेळी सांगितलं की मासा मिळत नाही किंवा जो उरलाय तो मिळतो. दुपारी साधं सांगा, बांगड्याचं तिखलं, एखादा तळलेला तुकडा, भात आणि कढी, बस. सुरमईच पाहिजे असा हट्ट कशाला, त्या दिवशी ताजं काय आलंय ते विचारायचं. वडे-सागोती रात्रीला ठेवा, दुपारी खाल्लीत तर संध्याकाळ गेली म्हणून समजा.

मग झोप. दुपारी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि समुद्रावरून खारा वारा सुटतो, शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना तेच, फक्त तेव्हा कोणी सांगितलं नाही की खाऱ्या वाऱ्यासाठी पडवीत चटई टाकायची असते. हॅमॉक नेणार असाल तर सुरूला बांधा, माडाला नको. माडाखाली तर झोपूच नका, नारळ नाही पडला तरी झावळ पडते आणि तीही काही हलकी नसते.

साडेचारला परत पाण्यावर. इथे भरती-ओहोटी बघणं महत्त्वाचं आहे आणि त्याला ॲप लागत नाही. कालनिर्णयात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ, अर्धा तास इकडेतिकडे. अष्टमी असेल तर आठचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारच्या आधी आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी. अमावास्येलाही पंधराच धरायचे. मी मित्रांबरोबर जायचं असेल तर पौर्णिमेच्या आसपासच्याच तारखा धरतो, कारण उधाण असल्याने पाणी लांबपर्यंत मागे जातं, ओली घट्ट वाळू मिळते आणि तिच्यावर क्रिकेटची पीच काय मस्त होते, बॉल खरंच उसळतो, आणि सूर्य बुडेपर्यंत माडांमागून चंद्र आलेला असतो म्हणून मॅच थांबवायची गरज पडत नाही.

पण उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढही जास्त असते, विशेषतः ओहोटी लागलेली असताना. पोहायचंच मुख्य असेल तर अष्टमीच्या आसपास जा, तेव्हा भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी. कुठल्याही दिवशी गावच्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका, देवबागला कर्ली नदी मिळते तसल्या खाडीच्या तोंडाशी तर नाहीच, आणि कमरेच्या वर जाऊ नका. ओढ लागलीच तर सरळ किनाऱ्याकडे जोर लावायचा नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं आणि मग आत यायचं. आणि प्यायलेल्या माणसाला पाण्यात सोडायचं नाही, यावर मैत्री तुटली तरी चालेल. काचेच्या बाटल्या वाळूवर आणूच नका, सकाळी रापणवाले अनवाणी असतात.

सीझन विचारलात म्हणून, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण ख्रिसमस ते एक जानेवारी सोडून. मे महिन्यात घाम फार पण आंबा-फणस-काजू असतात, ज्याची त्याची आवड. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते आणि समुद्रही खवळलेला, तेव्हा हा सगळा बेत विसरा.

राहिला तुमचा पाचवा. त्याला शिरोड्याजवळ आरवलीला वेतोबाच्या देवळात पाठवा, लोक देवाला केवढाल्या चपला वाहतात ते बघून येईल. वेळागरला राहिलात तर जाऊन-येऊन दोनेक तासांचं काम आहे, येताना केळीही आणेल. रेल्वेने येणार असाल तर उतरायचं सावंतवाडीला किंवा कुडाळला, आणि तिकिटं बुकिंग उघडल्या उघडल्या काढा, सुट्ट्यांमधलं कोकणकन्याचं वेटिंग कन्फर्म होईल या आशेवर राहू नका.