दवाखान्यातल्या दोन नसा

प्रश्न असा आहे : ‘आईच्या कंबरेत नस दबली आहे असं डॉक्टर म्हणाले. तिथेच सलाईन लावताना सिस्टर म्हणाल्या, नस सापडत नाही. ही नस एकच का? आणि मज्जातंतू म्हणावं की चेतातंतू?’

एकच नव्हे. सलाईनची नस म्हणजे शीर, तिच्यातून रक्त जातं. कंबरेत दबते तो मज्जातंतू, त्यातून संदेश जातात. आणि रात्री पोटरीत गोळा आला की आपण ‘शिरेवर शीर चढली’ म्हणतो, तेव्हा कुणीच कुणावर चढलेलं नसतं. आखडलेला असतो स्नायू. बोलीभाषा चाचपून नाव ठेवते. कातडीखाली दोरीसारखं लागलं की झाली नस! मनगटावर निळी दिसते ती शीर, मूठ आवळल्यावर ताठ उभी राहते ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. मज्जातंतू चाचपायचा असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या टोकामागच्या खाचेत बोट फिरवा. जरा दाबलंत तर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातील.

हा घोळ ग्रीकांनीही घातला आहे. त्यांचा ‘न्यूरॉन’ मुळात कंडराच, धनुष्याची दोरीसुद्धा. संस्कृत ‘स्नावन्’ त्याचा सख्खा भाऊ आणि ‘स्नायु’ त्याच घरातला. संस्कृतात स्नायु म्हणजे सांधे बांधणारी दोरी; मराठीत तो मांसल झाला, बंगालीत मात्र मज्जातंतू. बंगालीतला ‘स्नायुरोग’ जसाच्या तसा उचललात तर दुखणंच बदलेल.

आता मज्जा. आयुर्वेदाच्या सात धातूंपैकी ही सहावी, हाडाच्या पोकळीतला मऊ गर. मटणाची नळी चोखणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. कण्याच्या पोकळीतला मऊ दोर तो मज्जारज्जू. लॅटिनमध्येही ‘मेडुला’ म्हणजे हाडातली मज्जा आणि तोच शब्द या दोरालाही लावला. तंतूंवरच्या स्निग्ध वेष्टणाला जर्मन वैद्य विरखोने 1854 साली ‘मायलिन’ म्हटलं, तेही ग्रीक मज्जेवरूनच. हे वेष्टण असलं की संदेश सेकंदाला 100 मीटरपर्यंतही धावतो, नसलं की जेमतेम एखाद-दोन मीटर. पायाचा अंगठा ठेचकाळला की आपटल्याचं लगेच कळतं आणि ठणका मागून येतो, तो याच रेंगाळणाऱ्या तंतूंमुळे.

पण मग वेष्टण नसलेल्याला काय म्हणायचं, मज्जाहीन मज्जातंतू? इथे ‘चेतातंतू’ सरस ठरतो. पाठ्यपुस्तकांनी चेतापेशी, चेतासंस्था घेतले. विश्वकोशाने ‘तंत्रिका तंत्र’ पसंत केलं, जे मला कधीच जिभेवर बसलं नाही. शास्त्रीय लिहिताना मी चेतातंतू लिहितो, एरवी मज्जातंतू. सुटी ‘मज्जा’ मात्र हाडांनाच ठेवा. मज्जा प्रत्यारोपणाची बातमी वाचून मेंदूचं ऑपरेशन समजलेले एक काका आमच्याच घरात आहेत.