पन्नास हजारांचं घड्याळ आणि कार्डावरचे अडतीस हजार

साताऱ्याहून एका ताईंचं सविस्तर पत्र आलंय. वय ३६, एमआयडीसीतल्या कंपनीत हिशेब विभागात नोकरी, हातात पगार ४६,०००. नवऱ्याचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज आहे, त्यातलं उत्पन्न महिन्यागणिक बदलतं. मुलगी सातवीत. घरखर्च ४२,०००. एफडीत ६०,०००, म्युच्युअल फंडात दरमहा ५,०००ची एसआयपी. क्रेडिट कार्डाची मर्यादा ८०,००० आणि त्यावर ३८,००० थकलेले. वर्षभर त्या दरमहा २,००० भरताहेत. त्या दोन वर्षं धावताहेत, आठवड्याला साधारण ३५ किलोमीटर. सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन आहे, पुढे कधीतरी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन करायचं मनात आहे. दुकानात त्यांनी गार्मिनचं फोररनर २६५ हे धावणाऱ्यांसाठीचं घड्याळ पाहिलं. किंमत ५०,४९०, 'नो कॉस्ट ईएमआय' १२ महिने, हप्ता ४,२०८, ऑफर रविवारपर्यंत. त्यांचा प्रश्न असा: वर्षभर एसआयपी थांबवून हा हप्ता भरू का? की १७,०००चं साधं फोररनर ५५ घेऊ? की क्लबमधल्या मैत्रिणीचं अडीच वर्षं वापरलेलं ५५ आठ हजारांत मिळतंय, ते घेऊ? पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे: 'स्वतःसाठी एवढा खर्च करताना अपराधी वाटतं.'

ताई, आधी या शेवटच्या वाक्याबद्दल. अपराधी वाटून घेऊ नका. मुलीच्या क्लासची फी भरताना किंवा गॅरेजसाठी नवा कॉम्प्रेसर घेताना तुम्ही हा प्रश्न कुणाला विचारला नसता. पहाटे पाचला उठून, डबा करून, यवतेश्वरचा घाट चढून परत वेळेवर कामावर जाणाऱ्या बाईला त्या धावण्यासाठी एक चांगली वस्तू हवीशी वाटते, यात उधळपट्टी कुठली? 'हेच पन्नास हजार वीस वर्षं गुंतवले तर किती लाख होतील' हा हिशेबही मी तुमच्यापुढे मांडणार नाही. त्या हिशेबाने माणसाने कधीच काही घेऊ नये. पैसे वापरण्यासाठीच असतात, आणि तब्येत सांभाळणारा वापर चांगला.

तरीही या रविवारी ते घड्याळ घेऊ नका, असंच माझं मत आहे. त्याचं कारण घड्याळात नाही, तुमच्या कार्डात आहे.

थकलेल्या रकमेवर तुमची बँक महिन्याला साडेतीन टक्के लावते असं तुम्ही स्टेटमेंट पाहून लिहिलंय. ३८,०००वर ते झाले १,३३०. या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २३९. एकूण १,५६९. तुम्ही भरता २,०००. म्हणजे मुद्दल कमी होतं महिन्याला ४३१ रुपयांनी. थकबाकी अशीच रेंगाळली तर वर्षाला साडेअठरा हजारांच्या आसपास फक्त व्याज आणि कर जातो. तुम्ही विचारलेलं नवं कोरं फोररनर ५५ सतरा हजारांना आहे! ते घड्याळ दरवर्षी तुम्ही बँकेला देताय आणि तुमचं मनगट मोकळंच आहे.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्याच कार्डावर तुम्ही महिन्याचा किराणा भरलात तर तूरडाळीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. घड्याळाचा हप्ता या कार्डावर चढला की तो किमान देय रकमेत पूर्णच्या पूर्ण जमा होतो: ४,२०८ आणि वर थकबाकीचे १,९००, म्हणजे सहा हजारांच्या पुढे. ज्या महिन्यात गॅरेजला गिऱ्हाईक कमी, त्या महिन्यात हे कुठून भरणार?

आता 'नो कॉस्ट'. सप्टेंबर २०१३मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, व्याज कुठेतरी दडवलेलं असतं. आज जे चालतं ते असं: बँक व्याज लावते आणि तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी सुरुवातीला सूट म्हणून वजा करते. वार्षिक १५ टक्के दर धरला तर ५०,४९०च्या बारा हप्त्यांत सुमारे ३,८७० रुपये व्याज असतं. ते त्या सवलतीत भागतं, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, जवळपास ७०० रुपये, तुमच्याच बिलात येतो. प्रोसेसिंग फी २००च्या घरात असते, तिच्यावर पुन्हा कर. म्हणजे नऊशेच्या वर खर्च आहेच. शिवाय दुकानदाराला एकदा विचारून बघा, 'रोख दिले तर किती कमी कराल?' तो जो आकडा सांगेल तोही या हप्त्याच्या खर्चात धरा.

हे नऊशे रुपये खरं तर मोठे नाहीत. कार्ड स्वच्छ असतं आणि हाताशी तीन-चार महिन्यांचा खर्च असता, तर 'घ्या' म्हणायला मला जड गेलं नसतं. एसआयपी थांबवण्याला मात्र तेव्हाही माझा विरोधच राहिला असता. थांबवलेली एसआयपी पुन्हा सुरू करायला लोकांना वर्षं लागतात, हे मी माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत वारंवार पाहते.

आता घड्याळाबद्दल. मी स्वतः अकरा वर्षं धावते, त्यामुळे इथे थोडी रेंगाळणार आहे.

२६५ आणि ५५ यांच्या किमतीतला तेहेतीस हजारांचा फरक कशाकशाचा? २६५चा पडदा झळझळीत आणि स्पर्शाने चालणारा आहे. उंची मोजायला हवेच्या दाबावर चालणारा सेन्सर आहे, झोपेवरून आणि नाडीवरून आज जोर लावायचा की नाही ते सांगणारा आकडा आहे. आणि मुख्य म्हणजे ते उपग्रहांचे संकेत एल१ आणि एल५ अशा दोन वारंवारितांवर घेतं. उंच इमारतींच्या मधून धावताना संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि साधं घड्याळ तुम्हाला रस्त्याच्या पलीकडे दाखवतं. दोन वारंवारितांमुळे हा गोंधळ बराच कमी होतो. मुंबईच्या पेडर रोडला त्याचा उपयोग आहे. साताऱ्यात उंच इमारती किती? घाटात एका बाजूला डोंगर आकाशाचा तुकडा झाकतो, झाडीही असते, त्यामुळे थोडा फरक तिथेही पडेल. पण विचार करा, यवतेश्वरचा चढ चढताना तुम्ही घड्याळातला वेग बघून धावता का? चढावर प्रत्येकाचा वेग पडतोच. तिथे बघायची असते नाडी आणि ऐकायचा असतो श्वास. उतारावर आकडा बघून पळणाऱ्याच्या मांड्या शेवटच्या पाच किलोमीटरला बोलतात. या शर्यतीसाठी लागणारं काम ५५ करतं: अंतर, वेळ, किलोमीटरचा सरासरी वेग, नाडी, ठरवलेले इंटरव्हल (आलटून पालटून जोरात आणि हळू धावणं). जीपीएस चालू ठेवून त्याची बॅटरी वीस तास चालते असं कंपनी सांगते; तुमची शर्यत अडीच तासांची आहे. आणि जुलै-ऑगस्टच्या पावसात ओल्या बोटांनी पडदा सरकवण्यापेक्षा बटणं दाबणं सोपं, हे मी भिजून शिकले आहे; बटणं दोन्ही घड्याळांना आहेत.

क्लबमधल्या एकाच्या महागड्या घड्याळात हाफला २१.१ किलोमीटर दिसलं आणि साध्यात २१.३, म्हणून साधं चुकीचं, असंही तुम्ही लिहिलंय. तसं नसतं. मान्यताप्राप्त शर्यतीचा मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून, सर्वांत कमी अंतराच्या रेषेवरून मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून हजारात एक एवढं अंतर जास्तीचं ठेवतात. हाफला ते झालं एकवीस मीटर. शिवाय आपण वळणावर बाहेरून जातो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, लोकांना ओलांडतो. तेव्हा घड्याळात थोडं जास्त दिसणं स्वाभाविक आहे. साध्या घड्याळात चालू क्षणाचा वेग खालीवर उड्या मारतो हे खरं. त्याऐवजी पडद्यावर त्या किलोमीटरचा सरासरी वेग लावून ठेवा, त्रास संपेल.

नाडी मनगटावरून मोजताना हिरवा प्रकाश वापरतात. थंडीत, सैल पट्ट्यात किंवा जोरात इंटरव्हल मारताना ती चुकते, आणि ही अडचण महाग घड्याळातही पूर्ण जात नाही. अचूक नाडी हवी असेल तर छातीचा पट्टा घ्यावा. तो काही हजारांत येतो आणि ५५ला जोडता येतो.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला घड्याळापेक्षा महत्त्वाची वाटली. 'बूट दीड वर्षापूर्वीचे आहेत, अजून वरून चांगले दिसतात, पण हल्ली नडगी दुखते.' ताई, आठवड्याला ३५ म्हणजे वर्षाला १,८०० किलोमीटर. धावण्याचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. वरचं कापड शाबूत राहतं, आतला फोम बसतो. तुमचे बूट अडीच हजार किलोमीटरच्या पुढे गेलेत. नडगीचं दुखणं त्यामुळेच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरांना दाखवा. पण नवे बूट आधी घ्या. खर्चाच्या दृष्टीनेही बघा: घड्याळ एकदा घेतलं की चार-पाच वर्षं जातं, बूट मात्र वर्षाला अडीच-तीन जोड लागतात. सहा हजारांचा जोड धरला तर वर्षाला पंधरा-अठरा हजार. तुमच्या छंदाचा खरा आवर्ती खर्च हा आहे आणि तुमच्या महिन्याच्या हिशेबात तो कुठेच नाही.

तर मी काय करायला सांगते ते असं.

एफडीतून ३८,००० काढा आणि कार्ड एका दमात फेडा. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजदर एखाद टक्का कमी करेल; वर्षाचे ते साधारण चारशे रुपये, आणि कार्डाचं एका आठवड्याचं व्याज जवळपास तेवढंच आहे. तुम्हाला धास्ती वाटेल की मग एफडीत फक्त २२,००० उरतात. ती धास्ती रास्त आहे, कारण गॅरेजचं उत्पन्न ठरलेलं नाही. पण फेडलेलं कार्ड हा अडीअडचणीचा दुसरा दरवाजा आहे: ८०,०००ची पूर्ण मर्यादा मोकळी होते. दवाखान्याचा खर्च अचानक आला तर तेवढा आधार राहतो. घड्याळाचा ईएमआय केलात तर नेमकी हीच मर्यादा अडकते.

फेडल्यावर महिन्याचे २,००० सुटतात. हप्त्यासाठी जे ४,२०० एसआयपीतून काढणार होतात, ते आता गॅरेजच्या उत्पन्नातून बाजूला काढा. म्हणजे ६,२००, आणि एसआयपीला हात लावायचा नाही. जुलैच्या पैशांतून बूट. ऑगस्टच्या ६,२००तून मैत्रिणीचं घड्याळ. कमी पडणारे १,८०० सप्टेंबरच्या पगाराला देते असं तिला सांगा, रोज बरोबर धावणारी मैत्रीण एवढं थांबेल. तोवर फोन कमरेच्या पट्ट्यात ठेवून स्ट्राव्हा या ॲपच्या फुकट खात्यावर धावणं नोंदवा. सप्टेंबर-ऑक्टोबरचे उरलेले साडेदहा हजार एफडीकडे. दिवाळीला तुम्हाला साधारण ४०,०००चा बोनस मिळतो, तोही तिकडेच. म्हणजे दिवाळीनंतर एफडी सुमारे ७२,०००, कार्ड कोरं, पायात चांगले बूट आणि मनगटावर घड्याळ. नंतर दरमहा १,५०० बुटांसाठी बाजूला ठेवून बाकीचे एफडीत टाकत राहा, ती १,२६,००० होईपर्यंत. तो तुमचा तीन महिन्यांचा खर्च आहे.

सतराचं नवं ५५ वाईट सौदा नाही. चार-साडेचार वर्षं वापरलं तर वर्षाला चारेक हजार पडतं. आठ हजारांचं जुनं दोन वर्षं चाललं तरी तेवढंच. जुन्याच्या बाजूने कौल देते तो एवढ्याचसाठी की आत्ता तुमच्याकडे रोख कमी आहे आणि घड्याळ ओळखीच्या हातातलं आहे. मात्र पैसे देण्याआधी ते दोन दिवस मागून घ्या. पूर्ण चार्ज करून एक तास जीपीएस चालू ठेवून धावा: पाच-सात टक्के बॅटरी उतरली तर ठीक, पंधरा उतरली तर नको. मागच्या चार्जिंगच्या टोकांवर घामाने गंज चढलाय का बघा. मैत्रिणीने ते तिच्या खात्यातून काढून टाकून तुमच्या फोनला जोडून द्यायला हवं.

मुंबईची पूर्ण मॅरेथॉन जेव्हा नक्की कराल आणि एफडी भरलेली असेल, तेव्हा २६५ किंवा त्या वेळचं त्याच्या जोडीचं घड्याळ रोखीने घ्या. तेव्हा मला विचारायचीही गरज नाही. या घड्याळांचं नवं मॉडेल आलं की आधीच्याची किंमत उतरते, त्यामुळे थांबण्यात तुमचं नुकसान नाही.

बँकेत जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. आज थकबाकी पूर्ण भरलीत तरी पुढच्या स्टेटमेंटला काही शे रुपये व्याज येईल. ते मागच्या स्टेटमेंटपासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं असतं. चूक नसते. तेही लगेच पूर्ण भरा आणि खात्यावर दर महिन्याला 'किमान रक्कम'ऐवजी 'पूर्ण रक्कम' आपोआप कापण्याची सूचना लावून घ्या. काउंटरवर 'किमान' लावली जाऊ शकते, म्हणून अर्जावर ती खूण स्वतः तपासा.