खुल्या खाणीतील उपग्रहाधारित स्थाननिश्चिती

प्रश्न : आमच्या खुल्या खाणीतील डंपर आणि ड्रिल यंत्रांवर जीपीएस बसवायचे आहे. साधा रिसीव्हर पुरेल का, आणि खाण खोल गेल्यावर तो चालेल का?

उत्तर : डंपर कोणत्या रस्त्यावर आहे एवढेच पाहायचे असल्यास काही मीटरची चूक चालून जाते, त्यामुळे साधा रिसीव्हर पुरतो. सुरुंगाचे भोक आराखड्यातील नेमक्या जागी पाडायचे असेल, तर मात्र आरटीके (रिअल-टाइम किनेमॅटिक) पद्धत हवी. तीत निर्देशांक अचूक ठाऊक असलेल्या जागी बेस स्टेशन उभारून त्याच्याकडील दुरुस्त्या रेडिओद्वारे यंत्राला पाठवल्या जातात आणि चूक काही सेंटीमीटरवर येते. उंचीतील चूक सहसा थोडी जास्तच राहते. हे स्टेशन भक्कम जमिनीवर, पुढे खोदकाम पोचणार नाही अशा ठिकाणी असावे (घाईत नेमके हेच विसरले जाते).

खोलीची आपली शंका रास्त आहे. स्थान काढण्यासाठी किमान 4 उपग्रह दिसावे लागतात, तर उंच भिंतीलगत आकाशाचा मोठा भाग झाकला जातो आणि खडकावरून परावर्तित झालेले संकेत गोंधळ वाढवतात. म्हणून जीपीएसबरोबर ग्लोनास (रशिया), गॅलिलिओ (युरोप) आणि बेइदू (चीन) या उपग्रह प्रणालींचे संकेतही घेणारा रिसीव्हर निवडावा. भिंतीच्या पायथ्याशी तोही अडू शकतो; तेथील मोजणीसाठी टोटल स्टेशन (उपग्रहांविना कोन आणि अंतर मोजणारे सर्वेक्षण उपकरण) मोडीत काढू नये. आमच्या मते सुरुवात ड्रिल यंत्रापासून करावी.