एएसपी डॉट नेट कोअरमध्ये (मायक्रोसॉफ्टचं वेब फ्रेमवर्क) डॅपर, म्हणजे डेटाबेसच्या क्वेरीचे निकाल ऑब्जेक्टमध्ये देणारी छोटी लायब्ररी, वापरताना डेटाबेस कनेक्शन सिंगलटन (सगळ्या ॲपसाठी एकच ऑब्जेक्ट) ठेवलं तर चालेल का?

नाही, सिंगलटन अजिबात नको. एसक्यूएल कनेक्शनचा ऑब्जेक्ट थ्रेड-सेफ नसतो, म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेडनी वापरण्याजोगा नसतो, त्यामुळे लोकल मशीनवर सगळं नीट चालतं आणि एकाच वेळी दोन-चार रिक्वेस्ट आल्या की विचित्र एरर यायला लागतात.

डॅपरसाठी वेगळं सेटिंग काहीच नाही, नुगेटमधून (डॉट नेटचा पॅकेज मॅनेजर) पॅकेज घ्या, बस. कनेक्शन देणारा एक छोटा फॅक्टरी क्लास लिहा, त्याला कनेक्शन स्ट्रिंग कॉन्फिगरेशनमधून द्या आणि तो फॅक्टरी खुशाल सिंगलटन ठेवा, मग रिपॉझिटरीच्या (डेटाबेसच्या क्वेरी ठेवणारा क्लास) प्रत्येक मेथडमध्ये यूझिंग (काम झालं की कनेक्शन आपोआप सोडणारा कीवर्ड) लावून नवीन कनेक्शन घ्यायचं. दरवेळी नवीन म्हणजे स्लो होईल असं वाटतं पण तसं नाही, खाली एडीओ डॉट नेटचं (डॉट नेटची डेटाबेस लायब्ररी) पूलिंग असतं, म्हणजे उघडलेली कनेक्शन्स साठवून पुन्हा वापरली जातात, खरं कनेक्शन पूलमधूनच येतं.

कनेक्शन बंद असेल तर डॅपर स्वतः उघडतो आणि क्वेरी झाली की बंद करतो. ट्रान्झॅक्शन (अनेक क्वेरी एकत्र, सगळ्या होतील किंवा एकही नाही) असेल तेव्हा मात्र आधी कनेक्शन स्वतः ओपन करा आणि ट्रान्झॅक्शनचा ऑब्जेक्ट प्रत्येक कॉलला पॅरामीटर म्हणून द्या, हे बरेच जण विसरतात. आणि युजरकडून आलेली व्हॅल्यू क्वेरीच्या स्ट्रिंगमध्ये चिकटवू नका, पॅरामीटरच वापरा, नाहीतर एसक्यूएल इंजेक्शनला (युजरच्या इनपुटमधून घातक क्वेरी घुसवणं) दार उघडं.